पैठणच्या गाड्या आणि भडोचच्या वाटाड्या नावा

'पायलट' हा शब्द मुकुंदवाडीतल्या कोणत्याही मुलासमोर उच्चारला तर तो मान वर करून आकाशाकडे पाहतो. त्यात त्याची चूक नाही. चिकलठाण्याचे विमानतळ हाकेच्या अंतरावर असून उतरणारी विमाने आमच्या पत्र्यांवरून जातात. दुसरा अर्थ त्याला ठाऊक असतो तो मंत्र्यांच्या ताफ्यापुढे भोंगा वाजवीत धावणाऱ्या पायलट गाडीचा. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र पाण्यावरचा आहे. समुद्रातून आलेले जहाज बंदराच्या तोंडाशी थबकते. किनाऱ्याकडून एक लहान नाव त्याच्याकडे जाते, तीतला एक माणूस दोराच्या शिडीने वर चढतो आणि कप्तानाशेजारी उभा राहून जहाजाला खडक व वाळूच्या दांड्यांतून धक्क्यापर्यंत आणतो. महासागर ओलांडून आलेल्या कप्तानालाही शेवटच्या चार कोसांत या स्थानिक माणसाचा हात धरावा लागतो. तो माणूस पायलट, आणि त्याला नेणारी ती पायलट बोट. आपण तिला वाटाड्या नाव म्हणू.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात 'मोठेपणी कोण होणार' अशी नेहमीची चर्चा चालू होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मला जहाजावर जायचंय. मर्चंट नेव्हीत." त्याचे वडील टेम्पो चालवतात. मी हसून म्हणालो, "आधी पैठणला जाऊन नाथसागरात पोहून ये, मग समुद्राचं बघू." वर्ग खो खो हसला. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला तोंड उघडले नाही. आपल्याकडून काय झाले हे समजायला मला बराच वेळ लागला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने पैठणचे नाव समुद्राच्या थट्टेसाठी वापरावे, हे अज्ञान तर होतेच, वर लाजिरवाणेही होते. कारण वाटाड्या नावांचे जे अतिप्राचीन तपशीलवार वर्णन आज उपलब्ध आहे, त्याच वर्णनात काही परिच्छेद पुढे आपले पैठण येते.

ते वर्णन 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव कोणालाही माहीत नाही. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, कोठे सावध राहावे याची ही व्यापारी वही म्हणावी. तिची दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्ग येथे आहे. पुस्तक लहान, भाषा कोरडी. पण लेखक भडोचच्या बंदराशी येतो तेव्हा त्याची लेखणी एकदम सावध होते. त्याने तेथे भीती अनुभवली असावी असे वाटते.

भडोचला तो बारिगाझा म्हणतो. खंबायतचे आखात अरुंद, आणि खुल्या समुद्रातून येणाऱ्यास अवघड. एका बाजूला पाण्याखाली लांबट खडकाळ पट्टा. दुसऱ्या बाजूला भूशिर, तेथे प्रवाहाला जोर आणि तळ असा दगडी की नांगराचे दोर कापले जातात. या दोहोंतून निभावले तरी नर्मदेचे मुख सापडत नाही, कारण किनारा सखल आहे आणि अगदी जवळ जाईपर्यंत काहीच ओळखू येत नाही. मुख सापडले तर आत वाळूचे दांडे. भरती-ओहोटीचे तर विचारूच नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मघाशी जहाज तरंगत होते तेथे तळ उघडा पडतो आणि कोरडी जमीन पाहता पाहता समुद्र होते. रात्रीच्या वेळी भरती येताना दुरून सैन्याची आरोळी यावी तसा आवाज येतो, असे तो सांगतो. ही अतिशयोक्ती नव्हे. खंबायतच्या आखातात उधाणाच्या वेळी पाण्याची चढउतार आजही १० मीटरहून अधिक होते, म्हणजे तीन मजली इमारत पाण्याखाली जावी आणि सहा तासांनी पुन्हा वर यावी, इतकी.

या संकटावर त्या काळच्या राजाने जी व्यवस्था केली होती, ती मुळातूनच समजून घेण्यासारखी आहे. राजाच्या चाकरीत असलेले स्थानिक कोळी मोठमोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या नावा घेऊन आखाताच्या तोंडाशी उभे असत. नुसते उभे नसत, तर पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येणारी जहाजे गाठीत. तेथून ते जहाजापुढे होत आणि आपल्या वल्हेकऱ्यांच्या बळावर त्याला दांड्यांमधून नेमके नेत. नदीत शिरल्यावर जहाज दोराने ओढून नेण्याची पद्धत होती. भरती लागली की निघायचे, ओहोटी सुरू झाली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचे, पुढची भरती आली की पुन्हा निघायचे. मुखापासून भडोचपर्यंत सुमारे ३०० स्टेडिया, म्हणजे पन्नासएक किलोमीटर, असे टप्प्याटप्प्याने जायचे. कोणता डोह किती खोल, कोणत्या तिथीला पाणी किती चढणार, हे सारे त्या कोळ्यांच्या डोक्यात असे. कागदावर काही नाही.

त्या नावांची नावेही लेखकाने टिपून ठेवली आहेत : 'त्राप्पगा' आणि 'कोटिंबा'. ग्रीक माणसाने कानावर पडले तसे लिहिलेले हे देशी शब्द होत. पुढे 'अंगविज्जा' या प्राकृत जैन ग्रंथात नौकांच्या प्रकारांची जी यादी आहे तीत 'तप्पक' आणि 'कोट्टिंब' ही नावे येतात. दोन्ही जोड्या एकच असल्याचे डॉ. मोतीचंद्र यांनी ध्यानात आणून दिले. एक परदेशी व्यापारी आणि एक जैन ग्रंथकार. एकाने दुसऱ्याला वाचले असण्याचा संभव नाही, आणि तरी दोघांच्या पानांवर त्याच नावा तरंगत आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापरता आनंद नाही. नावांची नावे उरली, त्या चालवणाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव उरले नाही.

आता पैठण. त्याच पुस्तकात पुढे लेखक सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. या दोन गावांतून धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांत घालून माल भडोचला येतो : पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात, तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल. आपल्या बोटातल्या अंगठीत अकीक असेल तर क्षणभर तिच्याकडे पाहावे. तसलेच दगड पैठणच्या गाडीतून निघून, सातमाळ्याचे डोंगर आणि तापी ओलांडून, नर्मदेच्या काठी उतरत आणि तेथून रोमन साम्राज्याच्या बाजारात जात.

या वाटेच्या खुणा आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत पैठणच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत, त्यांत एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदनला १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, तेव्हा एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिचे साधर्म्य इटलीतील पॉम्पेई शहराच्या राखेत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. तेर येथेही तशी मूर्ती मिळाली असून ती तिथल्या संग्रहालयात पाहता येते. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडले गेले ते इ. स. ७९ मध्ये. म्हणजे त्याआधीच दख्खनच्या धाटणीची एखादी मूर्ती समुद्रापार पोहोचली होती. तिचे जहाज भडोचहून निघाले असेल तर परतीच्या वाटेवर नर्मदेचे मुख तिलाही कोणा कोळ्याच्या मदतीनेच ओलांडावे लागले असणार.

येथे वाचक विचारतील, पैठणला कोकणातली बंदरे जवळ असता माल इतक्या लांब भडोचला का जात होता? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर राजकारणात आहे. पेरिप्लसचा कर्ता म्हणतो की कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पण ते संदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तेथे अडवणूक होते, आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे आलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाते. हा संदनेस कोण यावर विद्वानांत वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. भडोचवर त्या वेळी क्षत्रप नहपानाची सत्ता होती असे बहुतेक मानतात. सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे हाडवैर होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. असे हे वैर. तरीही सातवाहनांच्या पैठणचा माल नहपानाच्या बंदरात उतरत होता, कारण तेथे येणारे जहाज सुखरूप आत आणण्याची सोय होती. बंदरात एक नाव जहाजाला वाट दाखवायला पुढे येते आणि एक नाव त्याला पकडून न्यायला येते. व्यापाऱ्याने कोणाकडे जावे हे सांगायला नको.

भडोचच्या या वाटाड्यांना साहित्यातही स्थान मिळाले आहे. पाली जातकांत सुप्पारक जातक नावाची कथा आहे. भरुकच्छ बंदरात वाटाड्यांच्या मुखियाच्या घरी, म्हणजे जुन्या भाषेत निर्यामकाच्या घरी, बोधिसत्त्वाचा जन्म होतो. सोळाव्या वर्षीच तो या विद्येत निपुण होतो आणि पुढे वडिलांच्या मागे वाटाड्यांचा मुख्य होतो, परंतु खाऱ्या पाण्याने त्याचे दोन्ही डोळे जातात. दर्या सोडून तो राजाच्या पदरी राहतो आणि नुसत्या स्पर्शाने हत्ती, घोडे, रथ यांची पारख करून देतो. राजा दर वेळी त्याच्या हातावर आठ नाणी ठेवतो. हा कद्रूपणा पाहून तो नोकरी सोडतो. मग व्यापारी त्याच्याकडे येतात की आमच्या जहाजाचा वाटाड्या तूच हो. तो म्हणतो, मी आंधळा. ते म्हणतात, आंधळा असलास तरी तुझ्याइतके जाणणारा दुसरा नाही. जहाज वादळात भरकटते आणि चार महिने अनोळखी समुद्रांत फिरते. डोळस खलाशी पाण्याचा रंग सांगतात : आगीसारखा, दह्यासारखा, हिरव्या कुशासारखा, आणि तो आंधळा त्यावरून समुद्र ओळखतो. कथेतले चमत्कार बाजूला ठेवू. ती रचणाऱ्याला वाटाड्याचा धंदा ठाऊक होता एवढे नक्की. पाहणारे पुष्कळ असतात. पाहिलेल्याचा अर्थ सांगणारा एखादाच.

अरबी दर्यावर्द्यांनी अर्थ सांगणाऱ्या या माणसाला जे नाव दिले, ते शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम सांगावेसे वाटते. ते नाव 'मुअल्लिम'. मदरशात शिकवतो तो मुअल्लिम, आणि जहाजाला वाट दाखवतो तोही मुअल्लिम. इल्म, आलिम, मालूम हे शब्द याच धातूचे. पहिलवान जेथे दंड काढतात ती आपली मराठी 'तालीम'देखील याच कुळातली. पश्चिम किनाऱ्यावर मुअल्लिमचा उच्चार झिजून 'मालम' झाला. कच्छ-काठेवाडात तो हिंदू खलाशांनाही लावला जाऊ लागला आणि काही घराण्यांचे ते नावच होऊन बसले. मराठीतही दर्याचे किती तरी शब्द असेच आलेले आहेत. नाखुदाचा नाखवा झाला, आणि 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आले. कोळीवाड्यात हे शब्द वापरताना कोणी त्यांचा धर्म विचारीत नाही.

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या हुद्द्यांची यादी दिली आहे. नाखुदा हा जहाजाचा मालक किंवा धनी. तंडेल हा खलाशांचा मुख्य. सरहंगाच्या हाती जहाज लावण्या-सोडण्याचे काम. भंडारी कोठाराचा. सुकाणू धरणारे वेगळे, डोलकाठीवर चढून जमीन दिसली की ओरडणारा वेगळा. या सर्वांत मुअल्लिमाबद्दल तो लिहितो की त्याला समुद्राची खोल व उथळ स्थळे माहीत हवीत, ज्योतिष म्हणजे ग्रहताऱ्यांचे ज्ञान हवे, आणि जहाज संकटातून वाचवून मुक्कामी नेणे ही त्याची जबाबदारी. सुकाणूवरचा माणूस त्याच्याच हुकमाने वळण घेतो.

हे ज्ञान केवळ अंदाजाचे नव्हते. अरबस्तानच्या किनाऱ्यावरील जुल्फार गावचा अहमद इब्न माजिद याने १४९० च्या सुमारास दर्याशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची बोटांच्या रुंदीने मोजत. त्यासाठी 'कमाल' नावाची लाकडी पाटी व गाठी मारलेली दोरी एवढेच साधन असे. दोरीची गाठ दातात धरून पाटी डोळ्यासमोर लांब धरायची. अरबी दर्याग्रंथांत मुअल्लिमांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिला नुसता किनारा ओळखणारा, दुसरा ठराविक वाटेने खुला समुद्र ओलांडणारा, तिसरा कोठेही नेऊन सोडला तरी आपण कोठे आहोत हे सांगणारा. आपल्या शिक्षकांच्याही अशाच तीन पायऱ्या असाव्यात असे मला वाटते. मी स्वतः कोणत्या पायरीवर आहे हे सांगत नाही.

शालेय पुस्तकांत कित्येक वर्षे असे येत होते की एप्रिल १४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतपर्यंत वास्को द गामाला वाट दाखवणारा हा इब्न माजिदच. हे आता बहुतेक संशोधक मानत नाहीत. पोर्तुगीज बखरकार त्या वाटाड्याला गुजरातचा म्हणतात आणि त्याचे नाव 'मालेमो काना' किंवा 'मालेमो कानाका' असे देतात. 'मालेमो' म्हणजे आपला मालम, आणि 'कानाका' म्हणजे बहुधा गणक, ज्योतिष जाणणारा. ते त्याचे नाव नसून हुद्दाच असावा! येथेही नाव हरवले.

थोडे दूर, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडे वळतो. वाटाड्या नावांचा विषय निघाला की जगात पहिली आठवण तिकडचीच होते. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी सँडी हूक नावाचा वाळूचा दांडा आहे. तेथील वाटाड्यांची परंपरा १६९४ पासून सांगतात. १८३६ च्या नोव्हेंबरात 'ब्रिस्टल' आणि १८३७ च्या जानेवारीत 'मेक्सिको' ही दोन जहाजे लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर आपटून फुटली, शेकडो स्थलांतरित बुडाले आणि वाटाड्या वेळेवर मिळत नाही अशी ओरड झाली. १८३७ मध्ये कायदा होऊन न्यूयॉर्क व न्यूजर्सी या दोन्ही राज्यांच्या वाटाड्यांना तेथे काम करण्याची मुभा मिळाली. मग चुरस लागली. जो आधी जहाज गाठेल त्याला मेहनताना. म्हणून त्यांनी दोन डोलकाठ्यांच्या हलक्या, वेगवान शिडाच्या नावा बांधल्या, शिडावर भला मोठा क्रमांक रंगवला आणि शेकडो मैल खुल्या समुद्रात जाऊन वाट पाहू लागले. जहाज दिसले की छोटी होडी पाण्यात सोडायची आणि एक वाटाड्या वल्हवत नेऊन जहाजावर चढवायचा. असे एकेक करून सगळे वाटाडे गेले की नाव परत आणायची ती शिकाऊ पोरांनी. जॉर्ज स्टीअर्स हा अशा नावांचा नामांकित रचनाकार. त्याच घाटाची 'अमेरिका' ही शर्यतीची नौका त्याने रेखली आणि तिने १८५१ साली इंग्लंडात जाऊन तेथील नौकांना मागे टाकले. मार्च १८८८ च्या हिमवादळात मात्र यांतल्या कित्येक नावा फुटल्या. १८९५ च्या सुमारास चुरस संपली, सर्वांनी एकत्र काम करण्याचे ठरवले आणि १८९७ मध्ये 'न्यूयॉर्क' नावाची वाफेवर चालणारी वाटाड्या बोट आली. बोस्टनला शिडाच्या वाटाड्या नावा विसाव्या शतकातही टिकल्या. तेथील 'रोजवे' ही १९४१ पासून सुमारे तीस वर्षे त्या कामावर होती.

भडोचचे कोळी सौराष्ट्रापर्यंत जात ते राजाज्ञेने, न्यूयॉर्कचे वाटाडे शेकडो मैल जात ते कमाईसाठी. फरक आहे. पण त्या अमेरिकन नावेतली शिकाऊ पोरे मला विसरता येत नाहीत. ती नाव म्हणजे त्यांची शाळाच होती. वर्षानुवर्षे दोर ओढून, होडी वल्हवून, पाण्याचा ठाव घेऊन मुलगा परीक्षेला बसे आणि पुरा वाटाड्या होई. परीक्षा घेणारे मंडळ न्यूयॉर्कमध्ये १८५३ पासून होते. गरिबाच्या पोराला वर चढायला शिडी होती.

आपल्याकडे त्याच शतकात काय चालले होते? आगबोटी आल्या. मुंबई बंदराचा पसारा वाढला. १८६७ मध्ये खांदेरीचा, १८७५ मध्ये कुलाब्याजवळच्या प्राँग्ज खडकावरचा दीपस्तंभ झाला, मध्येच १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर हजारो हिंदी खलाशी लागले. रत्नागिरी व जंजिऱ्याकडच्या कोकणी मुस्लिम घराण्यांतले कित्येक त्यांत होते. खलाशांच्या मुख्याला 'सारंग' म्हणत, त्याच्या हाताखाली 'तंडेल', स्वयंपाकाला 'भंडारी', सुकाणूवर 'सुखानी'. अबुल फजलच्या यादीतले हुद्दे तीनशे वर्षांनी जसेच्या तसे आगबोटीवर हजर आहेत. मुअल्लिम कोठे आहे? तोही आहे. हिंदी खलाशी बोटीवरच्या मेटला, म्हणजे कप्तानाखालच्या अधिकाऱ्याला, 'मालम साहेब' म्हणत. हा मालम साहेब इंग्रज असे. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द याच अर्थाने नोंदलेला आहे, आणि मूळ अर्थ 'शिक्षक' असल्याचेही तेथे सांगितले आहे.

या एका 'साहेब' शब्दावर मी बराच वेळ थांबलो होतो. सारंग आपला राहिला, तंडेल आपला राहिला, भंडारी तर राहिलाच. ज्ञानाचा हुद्दा तेवढा हातून गेला. ज्ञान गेले नव्हते. देशी गलबतांवर मालम होते, पोथ्या होत्या, तारे ओळखणारे होते. परंतु आगबोटीवर अधिकारी व्हायचे तर इंग्रजीतून परीक्षा, प्रमाणपत्र, त्याआधी अधिकाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी. आणि ती उमेदवारी हिंदी पोरांना मिळत नसे. हुगळीच्या मुखाशी जहाजे आत नेणाऱ्या प्रसिद्ध बंगाल पायलट सर्व्हिसमध्येही दीर्घकाळ युरोपियनांचीच भरती होती. सारंगाचा मुलगा हुशार निघाला तरी फार तर सारंग. यात सारा दोष इंग्रजांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. त्याच काळात इंग्रजी शाळेकडे पाठ फिरवून बसलेल्या आपल्याही वाडवडिलांचा त्यात वाटा आहे. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली ती हीच पाठ वळवण्यासाठी.

आगबोटीवरचे दार उघडले ते १९२७ मध्ये. १९२३ साली नेमलेल्या व्यापारी नौकानयन समितीच्या शिफारशीनंतर मुंबई बंदरात 'डफरिन' हे शिक्षण-जहाज उभे राहिले आणि हिंदी मुलांना अधिकारी होण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. १९७२ मध्ये 'राजेंद्र' जहाजाने तिची जागा घेतली, १९९३ मध्ये ते शिक्षण 'चाणक्य' नावाने नवी मुंबईत नेरूळला जमिनीवर आले.

नर्मदेच्या मुखाजवळ दहेज येथे आज मोठे बंदर आहे. २००४ पासून तेथे परदेशातून द्रवरूप नैसर्गिक वायू घेऊन जहाजे येतात. उपग्रहावरून जागा कळते, खोली यंत्रे सांगतात, तरी आखात तेच आणि उधाणही तेच. वाटाड्याची बोट आजही पुढे जाते. रात्री तिच्यावर वर पांढरा आणि खाली तांबडा असे दोन दिवे असतात, जगात कोठेही गेलात तरी तेच. पायलट शिडीने वर चढतो आणि आत किती पाणी, प्रवाह कोणीकडे, कोठे वळायचे ते सांगतो. कप्तान आपल्या जहाजाचा धनी राहतो, पण ऐकतो त्याचे.

गेल्या हिवाळ्यात मी मुलांना पैठणला नेले. गोदेच्या काठी उभे राहून त्यांना गाड्यांची वाट सांगितली. किती जणांनी ऐकली कोण जाणे, निम्मे लक्ष भेळेच्या गाडीकडे होते. परतताना बसमध्ये तो मुलगा माझ्या शेजारच्या जागेवर येऊन बसला. बंदराचा पायलट व्हायला काय करावे लागते, असे त्याने विचारले. मी माहिती काढून ठेवली होती. बारावीला भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित, नजर चांगली, इंग्रजी बरे, मग प्रवेश परीक्षा, समुद्रावरची उमेदवारी, अधिकाऱ्याच्या परीक्षा, आणि पुष्कळ वर्षांनी एखाद्या बंदरात पायलट. खर्च किती तेही सांगितले, लपवले नाही. त्याने वहीच्या मागच्या पानावर सगळे लिहून घेतले.

सध्या तो अकरावी सायन्सला आहे. त्याची त्रिकोणमिती कच्ची आहे. रविवारी सकाळी फजरनंतर तो माझ्याकडे येतो.